यहूदाचं वलय

चौकट क्रमांक सत्त्याहत्तर. माणसं तेरा, पेले तेरा, पाव सात, दिवे चार, दार एक, तेही उघडं. वलय एकही नाही. ती सोनारणीने काढायची होती.

तिने भिंगातून पुन्हा एकदा मोजलं. टपालाच्या तिकिटाएवढी चौकट, तिच्यात मेजाभोवती बसलेले येशू आणि त्याचे बारा शिष्य. शहात्तर क्रमांकाच्या चौकटीत पावाचा तुकडा येशूच्या हातात होता, अठ्ठ्याहत्तरमध्ये त्याचा घात करणाऱ्या यहूदाच्या. सत्त्याहत्तरमध्ये तो दोघांच्याही बोटांत होता. म्हणून यहूदाचं वलय विरायला सुरुवात व्हावी यासाठी तिने हीच चौकट निवडली होती.

सोनारीण हे काही तिचं आडनाव नव्हे. रंगशाळेत लांबलचक मेजाला बारा बाया बसत आणि चित्रपटाच्या काळ्या-पांढऱ्या फिती हाताने रंगवत. प्रत्येकीकडे एकच रंग. हिच्याकडे पिवळा. संतांच्या डोक्यामागचं तेज, दिव्यांच्या ज्योती, यहूदाच्या थैलीतली नाणी, सगळं पिवळं तिचं. घरात सोन्याचा मणी नाही आणि रोज बारा जणांना सोनं वाटते, असं मुकादम एकदा म्हणाले आणि तिचं नाव पडलं ते पडलंच.

तिच्या डाव्या हाताला वहिनी बसायची. तिच्याकडे निळा, म्हणजे मरियेची शाल, आभाळ आणि समुद्र. वहिनी म्हणजे सोनारणीच्या वारलेल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघींच्या मिळून दोन खोल्या, एक चूल, एक छत्री. वहिनीला इथे चिकटवलं सोनारणीने, ब्रश कसा धरायचा ते शिकवलं सोनारणीने, पहिले सहा महिने तिच्या हातून बिघडलेल्या चौकटी गुपचूप निस्तरल्या त्याही तिनेच.

सोनारणीपुढे सोळा वाट्या मांडलेल्या होत्या. पहिलीत गडद पिवळा. दुसरीत तोच रंग, पण पाण्याचा एक थेंब जास्त. तिसरीत दोन. असं करत करत सोळाव्या वाटीत जवळजवळ पाणीच. मालकांच्या सूचनेच्या कागदावर एवढंच लिहिलेलं होतं की यहूदा दाराशी पोचेल तेव्हा त्याच्या डोक्यामागे वलय नसावं. ते कुठे जावं, कसं जावं, हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या प्रतीच्या वेळी सोनारणीने दोन दिवस विचार केला आणि मग ठरवलं. सत्त्याहत्तरपासून एकशे चाळीसपर्यंत, एका वाटीला चार चौकटी. पडद्यावर चार सेकंद. पाहणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही की तेज कधी ओसरायला लागलं.

“झाल्या का वाट्या मांडून?” वहिनी मान न वळवता म्हणाली. “एका चौकटीत काढून टाका की, वन्सं. डोळे फोडून घेता उगाच. माणूस फिरतो तो क्षणात फिरतो.”

“क्षणात कळतं, वहिनी. फिरायला वेळ लागतो.”

“तुम्ही आणि तुमचा यहूदा. नवरा असता तर एवढी काळजी केली नसती त्याची.”

समोरची तांबडीवाली खुदकन हसली. सोनारीणही हसली. हे बोलणं नवं नव्हतं. ही सातवी प्रत होती आणि तिसऱ्या प्रतीपासून वहिनी हेच म्हणत आली होती.

पण आठवड्यापूर्वी त्या वाट्यांना वजन आलं होतं. यंत्र येणार हे मालकांनी जाहीर केलं होतं. एका कोऱ्या फितीला जिथे पिवळा हवा तिथे भोकं कापायची. तो साचा झाला. साचा छापील फितीवर ठेवायचा, वरून रंगात भिजलेली पट्टी फिरवायची. बारा बायांचं महिन्याचं काम दोन दिवसांत. बाया रडल्या, एक-दोघी भांडल्या. सोनारीण गप्प राहिली, कारण यंत्राला रंग लावता येत होता, पातळ करता येत नव्हता. भोक असतं किंवा नसतं. मालक स्वतः म्हणाले होते, जे हाताला जमतं आणि यंत्राला जमत नाही, त्याच्यासाठी हात राहील. असं काम अख्ख्या चित्रपटात एकच होतं आणि ते तिच्या सोळा वाट्यांत होतं. तिने मनात हिशेब मांडला होता, एकीच्या पगारावर दोघी काटकसरीने राहू. वहिनीने घर बघावं.

वहिनीशी हे बोलणं झालं त्याच दुपारी थेटरात चित्रपट दाखवणारा यंत्रवाला तिसरी प्रत दुरुस्तीला घेऊन आला. फीत दोन ठिकाणी तुटली होती. जाता जाता तो सोनारणीपाशी थांबला आणि तिला म्हणाला की चांदण्यांची कल्पना झकास आहे.

“कसल्या चांदण्या?”

“वलयांतल्या. लुकलुकतात ना त्या. पुढच्या बाकावरची पोरं बोटं दाखवतात. पहिल्या दोन प्रतींत नव्हत्या, ह्या तिसरीपासून केल्यात ना तुम्ही?”

तिने काहीच केलं नव्हतं. तो गेल्यावर तिने फीत भिंगाखाली घेतली, खालून दिवा लावला आणि सत्त्याहत्तर क्रमांकाची चौकट शोधली. येशूच्या वलयाच्या कडेला उजेडाचे चार ठिपके होते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बाजूच्या शिष्याच्या वलयालाही चार. तिने फीत उलटी केली, बोटाचं टोक फिरवलं. खरखर लागली. सुईची भोकं होती. तेरा वलयं, बावन्न भोकं. पुढच्या चौकटीत बावन्न. त्याच्या पुढच्या चौकटीतही बावन्न.

कोणीतरी तिची रंगवलेली फीत कोऱ्या फितीवर ठेवून वलयांच्या खुणा उतरवून घेतल्या होत्या. साचा कापायला असंच करावं लागणार, हे तिला सांगायची गरज नव्हती.

कपाटात उरलेल्या प्रती होत्या. तिने एकेक काढून पाहिली. पहिल्या दोहोंत एकही भोक नाही. चौथीत पहिली तीन दृश्यं टोचलेली. पाचवीत पुढची दोन. सहावीत शेवटचं. डब्याच्या झाकणावर तारखा होत्या. तिसरी प्रत सुकायला टांगली त्या आठवड्यात सोनारणीचे डोळे आले होते. आठ दिवस ती घरी डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून पडली होती. वहिनी सकाळी पट्टी बदलून जायची आणि संध्याकाळी तासभर उशिरा यायची. एवढा वेळ का, असं विचारलं तर म्हणायची, तुमचेही ब्रश मलाच धुवावे लागतात ना आता. डोळे बरे झाल्यावरही तिचं ब्रश धुणं सुटलं नव्हतं. दहा महिने.

सोनारीण मुकादमांकडे गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मागच्या खोलीतून सहा डबे आणून दाखवले. पिवळ्याचा अख्खा साचा कापून तयार होता. कापलेलं काम स्वच्छ होतं, कडा कुठे फाटलेली नव्हती. तिने शिकवलेल्या हाताचं काम ते.

“तुम्हाला ठाऊक आहे असंच मी धरून चाललो होतो,” मुकादम म्हणाले. “त्या म्हणाल्या, वन्संशी बोलणं झालंय. वलय एका चौकटीत घालवायचं हेसुद्धा तुम्हीच सुचवलंत म्हणाल्या. मालकांना पटलं ते. यंत्रावर एक बाई लागणार आहे, ती जागा त्यांना दिलीय.”

सोनारणीने झाकणं एकेक करून नीट दाबून बसवली आणि घरी आली.

वहिनी भाजी चिरत होती. सोनारणीने चपला काढल्या, हात धुतले आणि समोरच्या पाटावर बसली. एकशे नऊ क्रमांकाच्या चौकटीपासून पुढे यहूदाच्या डोक्यामागे साचा कोरा आहे, एवढंच ती बोलली. वहिनीची विळी थांबली.

“एकच जागा होती, वन्सं.”

“मला विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर दिली असतीत तुम्ही.”

“दिली असती.”

“तेच नको होतं मला.” वहिनीचा आवाज चढला नाही. “बारा वर्षं तुम्ही देताय. खोली तुमची, नोकरी तुमच्या शब्दाने, माझ्या चुका तुम्ही झाकलेल्या. लोक म्हणतात, नणंद असावी तर अशी. मी कधी काही मिळवलंच नाही, मला सगळं मिळालंय. एक गोष्ट तरी माझ्या हाताने घ्यायची होती.”

सोनारीण तिच्या बोटांकडे पाहत होती. उजव्या तर्जनीच्या टोकाला बारीक काळे डाग होते. सुईचे. इतके दिवस तिला ते निळ्या रंगाचे वाटत आले होते.

“आणि डोळ्यांची काळजी?” तिने विचारलं. “एका चौकटीत काढून टाका म्हणत होतीस, ते?”

वहिनीने चिरलेली भाजी पातेल्यात सारली. “काळजी होती,” ती म्हणाली. “तीही होती.”

भाजी शिजली. दोघी जेवल्या. भांडी घासताना सोनारीण म्हणाली, “तुम्ही राहू द्या, मी विसळते.” बारा वर्षांत पहिल्यांदाच तिने वहिनीला तुम्ही म्हटलं होतं. वहिनी हात पुसत तशीच उभी राहिली.

तीन आठवड्यांनी यंत्राची पहिली प्रत निघाली. मेजावरून बाया उठल्या होत्या, वाट्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. मालकांनी सोनारणीला निरोप धाडला की जाण्यापूर्वी एक शेवटचं काम करून द्या. हाताची प्रत आणि यंत्राची प्रत शेजारी ठेवून तपासायची, चुका मांडायच्या. तिच्याइतकं बारीक दुसरं कोणी पाहत नाही, असं त्यांनी मुद्दाम कळवलं होतं.

ती सकाळी जाऊन बसली. पलीकडच्या खोलीत यंत्राची खटखट चालू होती आणि तिच्यामधून वहिनीचा खोकला ऐकू येत होता. सोनारणीने दोन्ही फिती भिंगाखाली जोडीने सरकवल्या. शाल, आभाळ, समुद्र, सगळं जिथल्या तिथे. रंग कुठे कडेबाहेर गेलेला नव्हता. काही ठिकाणी तर यंत्राचं काम तिच्या कामाहून सुबक होतं, आणि तिने तसं लिहिलं. शेवटच्या भोजनाच्या दृश्याशी आल्यावर तिने दिव्याची वात वाढवली, एकेक चौकट बोटाने पुढे सरकवत मोजली, खात्रीसाठी उलट्या बाजूने पुन्हा मोजली. मग लेखणी बुडवून तक्त्यातली उरलेली ओळ भरली.

यहूदाचं वलय पूर्ण असल्यापासून नाहीसं होईपर्यंत लागलेल्या चौकटी. हाताची प्रत: चौसष्ट. यंत्राची प्रत: एक.