दोष माझ्या भिंगात नव्हता

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. खोटारडा म्हणालात, तर मात्र ऐकून घेणार नाही. विषाणूंच्या प्रयोगशाळेतला मी एक सूक्ष्मदर्शक आहे. एका चिकाटीच्या कारागिराने माझं भिंग पुन्हा पुन्हा तपासून मगच बसवलं. तेव्हापासून एकोणीस वर्षं, जे आहे तेच मी दाखवलं.

माझ्यावर एक तरुण संशोधिका काम करायची. सगळे तिला ताई म्हणत.

पेशीच्या पोटात काय चालतं, ते आम्ही दोघं रोज पाहत होतो. मोडकंतोडकं काही साचलं, की पेशी त्याभोवती पातळ पडद्याची पिशवी तयार करते. ती पिशवी पाचकरसाच्या थैलीला जाऊन मिळते आणि आतला कचरा विरघळतो. याला स्वभक्षण म्हणतात. पुष्कळदा घुसखोर विषाणूचाही असाच फडशा पडतो. म्हणून आमच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, ही साफसफाई वाढवणारं औषध एका तापाच्या रुग्णांना द्यायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात ताईने पिशव्यांना हिरवा आणि त्या तापाच्या विषाणूला लाल चमकता रंग देऊन काच माझ्याखाली ठेवली. ती पाहते तर काय, लाल ठिपके पिशव्यांत शिरले होते, पण विरघळत नव्हते! विषाणूने पिशव्यांची पुढची वाट अडवली होती आणि त्यांच्याच आडोशाला तो आपली पिलावळ वाढवत होता. औषध घातलेल्या पेशी तर लाल ठिपक्यांनी बुजबुजल्या होत्या.

तिने सरांना बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्या डोळा लावला, न लावला.

"भिंगाला बुरशी आलीय. हे डबडं आधी इथून हलवा."

"सर, भिंग मी आजच पुसलंय. औषध दिलं तर आपणच विषाणूला घरं बांधून देऊ."

"इतर विषाणूंना पेशी खाते, आणि तुझाच तेवढा शहाणा?"

"सगळे विषाणू सारखे नसतात, सर."

"विषय संपला."

डबडं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी मला जिन्याखाली नेऊन टाकलं. ताई मात्र तिथेच स्टूल घेऊन बसली. पिशव्या तयारच करता येणार नाहीत अशा पेशी तिने आणल्या. त्यांच्यात विषाणूची वाढ जवळजवळ थांबली. तीन दिवस मान मोडून तिने एकेक ठिपका मोजला आणि रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनाच जिन्याखाली घेऊन आली.

बाईंनी गुडघे टेकून बराच वेळ पाहिलं. मग उठून म्हणाल्या, "हे औषध माझ्या रुग्णांना मी देणार नाही."

औषध थांबलं. महिन्याभराने नव्या, महागड्या यंत्रानेही हेच दाखवलं. अहवालात त्या यंत्राचं कौतुक छापून आलं. सर एकदा एकटेच माझ्याकडे आले, वाकून पाहिलं आणि निघून गेले. माझी माफी नका मागू हो, मी लोखंड आणि काच. पण ताईची? तिचीही मागितली नाही. याचा राग मला अजून आहे.

मित्रांनो, यंत्रं जपून वापरा, त्यांची निगा राखा. आणि मनाविरुद्ध काही दिसलं, तर दाखवणाऱ्यावर खेकसण्याआधी खाली बसा आणि नीट बघा. तिथे माणसांचे जीव असतात.