झाकणावरचा क्रूस

"हा कुठला क्रूस लावलास रे तिच्या पेटीवर?"

मेहुण्याचा आवाज चढला तशी मिस्त्रीच्या हातातली पॉलिशची चिंधी गळून पडली. त्याने झाकणाकडे पाहिलं. बायकोच्या शवपेटीवर त्याने मोकळा क्रूस लावला होता, नुसती एक उभी पट्टी नि एक आडवी. ही त्याच्या प्रोटेस्टंट चर्चची पद्धत. बायको कॅथलिक, तिच्या क्रूसावर येशूची मूर्ती हवी.

पस्तीस वर्षांत ही पहिलीच चूक. माणूस कुठल्याही प्रार्थनाघरातला असो, पेटी मिस्त्रीकडूनच जायची. भिंतीशी तीन खण होते. पहिल्यात मूर्तीचे क्रूस, दुसऱ्यात मोकळे, तिसऱ्यात लाकडी खुंट्या, कारण ज्यू लोकांच्या पेटीला लोखंडाचा खिळा चालत नाही. डोळे मिटून खण उघडला तरी त्याचा हात चुकत नसे. आणि चुकला कधी, तर घरच्या माणसाच्या पेटीला!

"शेवटी ओढलंसच ना तिला तुमच्यात?" मेहुणा म्हणाला. "जिवंतपणी जमलं नाही, आता ती बोलत नाही म्हणून?"

"नाही रे बाबा, शपथ. आपल्या माणसाची पेटी म्हणून हात आपल्या खणात गेला."

"आपलं माणूस! बहीण होती ती माझी," असं म्हणून मेहुणा तरातरा निघून गेला.

मिस्त्री स्टुलावर मटकन बसला. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती, तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं, कोणी कोणाला ओढायचं नाही. दर रविवारी दोघं बरोबर निघत. घड्याळजीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ती डावीकडे वळायची, तो उजवीकडे. तिच्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लवकर आटपायची. इकडे पाळकांच्या प्रवचनाचं चऱ्हाट काही संपायचं नाही. ती आपली ऊन असो, थंडी असो, कोपऱ्यावर उभी. तो धापा टाकत आला की म्हणायची, "सुटलात एकदाचे? देवसुद्धा घरी जाऊन जेवला असेल!"

एवढा एक शब्द त्याने आयुष्यभर पाळला होता, आणि शेवटच्या दिवशी तोच मोडला असं आता सगळे म्हणणार. ती असती तर खो खो हसली असती. पण हसायला तीच नव्हती.

त्याने स्क्रू काढले, मोकळा क्रूस उतरवला आणि मूर्तीचा ठेवून पाहिला. तो अरुंद निघाला. आधीच्या आडव्या पट्टीच्या स्क्रूंची दोन भोकं दोन्ही बाजूंना उघडी पडली. नवं झाकण करायला वेळ नव्हता. भोकांकडे बघता बघता मिस्त्रीला रडू कोसळलं. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला.

घड्याळजी दारात कधी येऊन उभा राहिला, त्याला कळलंच नाही. म्हातारा ज्यू होता, त्यांच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये, मेलेल्यांना आंघोळ घालायचं काम करी, त्यामुळे मिस्त्रीकडे त्याचं नेहमीचं येणं-जाणं. काय झालंय ते त्याच्या एका नजरेत लक्षात आलं. त्याने तिसरा खण उघडला आणि दोन खुंट्या काढून मिस्त्रीच्या हातावर ठेवल्या.

"घे, आमच्यातल्या दोन दे तिला. माझ्या दुकानासमोर एवढी वर्षं उभी राहिली बाई. हिवाळ्यात आत ये म्हटलं तर म्हणायची, नको, तो आला तर दिसणार नाही मला."

"तुमच्या लोकांना चालेल?"

"त्यांना कशाला सांगतोस? आधीच वीस घरांत आमची दोन सिनेगॉग, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हे कळलं तर तिसरं काढतील."

मिस्त्रीने मूर्तीचा क्रूस बसवला, उघड्या भोकांत खुंट्या ठोकल्या, घासल्या, वरून पॉलिशचा हात फिरवला. हात लावला तरच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या चर्चमध्ये मेहुणा झाकणापाशी वाकला, मूर्ती बघून त्याने मान डोलावली, पण मिस्त्रीकडे न बघता पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. मिस्सेत प्रसादाची पवित्र भाकर घ्यायला सगळे रांगेने पुढे गेले. मिस्त्रीला ती घेता येत नव्हती, तो त्या चर्चचा नव्हता. पहिल्या बाकावर तो एकटाच बसून राहिला. लोक पेटीला वळसा घालून जात होते आणि तिचा नवरा मात्र जागेवर. त्याला फार परकं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून घड्याळजी उठला आणि शेजारी येऊन बसला.

"सरक जरा," तो पुटपुटला. "मलाही नाही मिळत."

पुढच्या रविवारी पाळकांचं प्रवचन रंगात आलं असताना मिस्त्री उठला. असा मधेच तो जन्मात कधी उठला नव्हता. पाळक बोलायचे थांबले, माना वळल्या, तो सरळ बाहेर पडला आणि घड्याळजीच्या दुकानापाशी, भिंतीला पाठ लावून ती उभी राहायची तिथे उभा राहिला.

मिस्सा सुटली. लोक येऊ लागले, त्याला बघून नजर चुकवू लागले. मेहुणाही आला. पुढे गेला, मग परत फिरला.

"इथे काय करतोयस?"

"वाट बघतोय," मिस्त्री म्हणाला. "नेहमी तीच थांबायची. म्हटलं, एकदा आपण लवकर यावं."

मेहुण्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तोही भिंतीला टेकला. डावीकडच्या रस्त्यावरचं शेवटचं माणूस निघून जाईपर्यंत दोघं तिथेच उभे होते.