मिस्त्रींचा उजवा कान

मी एक जुना कान आहे, मित्रांनो. देवाने दिलेला नव्हे, माणसाने केलेला. माझं कागदावरचं नाव श्रवणयंत्र. पण ज्या घरात मी राहिलो तिथे मला ‘ते मशीन’ म्हणत, आणि तेही बहुधा कपाळाला आठी घालून. भिजवून फुगलेल्या शेंगदाण्याएवढा माझा देह. तो कानामागे बसतो. तिथून एक पारदर्शक नळी निघते आणि तिच्या टोकाला कानाच्या भोकात बसणारा एक वेडावाकडा गोळा असतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमच्यासारखं माझं आयुष्य सलग नाही. माझ्या पोटात शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी असते. ती आहे तोवर मी आहे. ती संपली की अंधारसुद्धा नसतो, काहीच नसतं. त्यामुळे माझ्या कहाणीत मधेच चार वर्षांचं भगदाड आहे. जे वाईट घडलं, ते बहुतेक त्याच भगदाडात घडलं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बाईने मला जोडलं. ती श्वासही जपून सोडायची, कारण माझे भाग फुंकरीनेसुद्धा उडाले असते. काम संपल्यावर तिने मला स्वतःच्या कानाशी धरलं आणि टिचकी वाजवली. मी ऐकलेला तो पहिला आवाज. नंतर बरेच दिवस मी खोक्यात होतो.

मग एके दिवशी कान तपासणाऱ्या बाईंच्या खोलीत मला मिस्त्री भेटले.

मिस्त्री पाण्याचे पंप दुरुस्त करत. आयुष्यभर त्यांनी तेच केलं. त्यांची पद्धत साऱ्या गावाला माहीत होती. चालू पंपाच्या अंगाला ते लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, ‘मागचं बेअरिंग.’ पंप उघडला की मागचंच बेअरिंग गेलेलं असायचं. लोक म्हणत, डॉक्टरची नळी एक वेळ चुकेल, मिस्त्रींचा कान चुकायचा नाही. पण बंद खोल्यांत घरघरणाऱ्या त्याच पंपांनी चाळीस वर्षांत तो कान खाऊन टाकला होता. जाड आवाज अजून ऐकू येत, बारीक आवाज गेले होते. त्यांच्या बायकोचा आवाज बारीक होता.

अर्थात मिस्त्रींना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, जग अलीकडे पुटपुटायला लागलंय. त्यांच्या मुलीने त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. ती वाचनालयात काम करायची आणि तिथल्या सवयीने हळू बोलायची, म्हणून सगळ्यात जास्त राग तिच्यावर.

तपासणाऱ्या बाईंनी त्यांना ‘आजोबा’ म्हटलं. हे मात्र मिस्त्रींना नेमकं ऐकू आलं.

‘आजोबा कोणाला म्हणता? मला मिस्त्री म्हणतात.’

बाई हसल्या. त्यांनी मिस्त्रींच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर काढला आणि त्या ठशावरून माझा गोळा करायला पाठवला. म्हणून तो दुसऱ्या कोणाच्याही कानात बसत नाही. गोळा तयार होऊन आला त्या दिवशी बाईंनी जे समजावलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, कान फक्त आवाज गोळा करतो, त्याचा अर्थ मेंदू लावतो. वर्षानुवर्षं आवाज पोचले नाहीत, तर मेंदूची ती सवय मोडते. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं टाळतो, चार माणसांत जायचं टाळतो, आणि मग डोक्याला एकेक काम कमी होत जातं. म्हातारपणी मेंदू जपायचा तर चालणं हवं, झोप हवी, रक्तदाब सांभाळायला हवा, डोक्याला रोज काहीतरी नवं हवं. पण त्यासोबत ऐकायलाही हवं.

मिस्त्रींनी मान हलवली. ‘म्हणजे पंपासारखंच. पंप चालून खराब होत नाही, बसून होतो.’

‘अगदी बरोबर,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणून हे रोज घालायचं. पहिले काही आठवडे त्रास होईल.’

त्रास झालाच. जाताना जिन्यात ते थबकले आणि पायांकडे बघत राहिले. मुलीने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘माझी चप्पल एवढी वाजते?’ घरी नळ टपकत होता, तो कळला. कळला तसा दुरुस्त झाला. बायको भांडी घासताना गुणगुणते, हेही त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ती थांबली आणि म्हणाली, ‘काय हवंय?’ ते म्हणाले, ‘काही नको. चालू दे तुझं.’

मित्रांनो, नंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची होती. रोज सकाळी नवरा-बायको कालव्याच्या काठाने चालायला जात. ती बोलायची, ते ऐकायचे, मी मधे. परतताना ते चहाच्या टपरीच्या बाकावर टेकत. तिथे वकील वाट बघत असायचे. हे वकील कधीच वकील नव्हते. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले होते, पण कुठल्याही गोष्टीवर वाद घालत म्हणून हे नाव पडलेलं. दोघे पत्ते खेळत आणि कडाकडा भांडत. वकील म्हणायचे, ‘मिस्त्री, ते मशीन काढून ठेवा. तुम्ही बहिरे होतात तेव्हा मी जास्त डाव जिंकायचो.’ लोक बिघडलेले पंखे, मिक्सर घेऊन तिथेच यायचे. मिस्त्री स्क्रूड्रायव्हर लावत, डोळे मिटत. मुलगी रविवारी आली की बायको तिला सांगायची, ‘हल्ली तुझ्या बाबांशी बोलायला घसा बसवावा लागत नाही.’ माझं कौतुक मी इतकंच ऐकलं. मला ते पुरलं.

मग ती शिट्टी वाजली.

चूक माझीच होती. माझी नळी जुनी होऊन पिवळी, कडक पडली होती. मिस्त्रींचं वजन थोडं उतरलं होतं, त्यामुळे गोळाही सैल बसायचा. सैल बसलो की आवाज बाहेर गळतो, परत माझ्यातच शिरतो आणि मी शिट्टी मारतो. घरात दोनदा असं झालं होतं. तेव्हा दोघे हसले होते. पण मिस्त्रींचे जुने मालक वारले आणि त्यांच्यासाठी सभा भरली. दोन मिनिटं सगळे मान खाली घालून स्तब्ध उभे राहिले. सभागृहात पाचशे माणसं होती आणि सुई पडली तरी ऐकू आली असती. आणि मी वाजलो. मिस्त्रींनी मला दाबलं, तसा आणखी जोरात वाजलो. माना वळल्या. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. ते हसणं मीच त्यांच्या कानात पोचवलं, तेवढं काम मात्र चोख केलं.

घरी येऊन त्यांनी मला डबीत घातलं आणि डबी कपाटाच्या खणात. बायको म्हणाली, दाखवून आणू या. ते म्हणाले, ‘मशीन दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. आता मलाच मशीन लावून लोकांना हसवू?’ नळी बदलायला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्याचं काही बिघडलं असतं तर ते दहा मिनिटंसुद्धा थांबले नसते.

पोटात बॅटरी होती तोवर, म्हणजे साधारण आठवडाभर, मी त्या खणातून ऐकत होतो. बायकोने मुलीला फोन केला आणि बाबांना बाईंकडे घेऊन जायला सांगितलं. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही. पण बायको म्हणाली, ‘बरं, पुढच्या रविवारी तर पुढच्या रविवारी.’

एका सकाळी बायको म्हणाली, ‘चला ना, कालव्यावर जाऊन येऊ. चार-पाच दिवस गेलो नाही.’

‘काय म्हणालीस?’

ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज बारीक.

‘काय?’

मग ती म्हणाली, ‘काही नाही.’

बॅटरी संपत आली की मी चार वेळा बारीक वाजतो, कानात घालणाऱ्याला कळावं म्हणून. त्या दिवशी मी चार वेळा वाजलो. त्यानंतरचं मला माहीत नाही.

पुन्हा जाग आली ती त्याच ओळखीच्या खोलीत. तपासणाऱ्या बाईंच्या बोटांत मी होतो, नळी नवी होती, गोळाही घासूनपुसून नीट बसवलेला. समोर मुलगी होती. तिचे केस पांढरे झाले होते. शेजारी मिस्त्री बसले होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. चार वर्षं गेली होती. त्या चार वर्षांत काय झालं ते मी मुलीच्या तोंडूनच ऐकलं.

आधी पत्ते सुटले. वकील घरी येऊन ओरडून बोलत, पण ओरडून वाद घालण्यात मजा राहत नाही. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. घरातही ‘काही नाही’ची सवय लागली. कोणी काही सांगायचं, मिस्त्री ‘काय?’ म्हणायचे, आणि सांगणारा म्हणायचा, ‘काही नाही, राहू द्या.’ मुलगी म्हणाली, ‘मीसुद्धा तेच म्हणायचे. दर रविवारी.’ नंतर त्यांनी विचारणंही सोडलं. खिडकीपाशी बसून राहायचे. एकदा शेजाऱ्यांनी पंप आणून दिला. त्यांनी तो खोलला आणि सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, ते त्या भागांकडे बघत बसले होते. जोडायचा कसा, हे आठवत नव्हतं. त्यानंतर पंप आले नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली होती. त्यांना आपल्या घरी न्यायचं म्हणून मुलगी सामान बांधत होती, तेव्हा खणात डबी सापडली.

मुलीने बाईंना एकच विचारलं. ‘मी त्या रविवारी आले असते, तर हे टळलं असतं का?’

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, ‘ते कोणीच सांगू शकणार नाही. विसरण्याच्या या आजाराला एक कारण नसतं. कान गेलेला माणूस विसरणारच असं नाही, आणि मशीन लावलेला विसरणारच नाही असंही नाही. पण त्यांचं एकटं पडणं कमी झालं असतं. जे गेलं, ते हे मशीन परत आणणार नाही. जे राहिलंय, त्याच्याशी बोलता येईल.’

मुलगी हो म्हणाली. रडली नाही. तिने मला हातात घेतलं, मिस्त्रींच्या कानामागे बसवलं आणि गोळा हलकेच फिरवून आत सरकवला. मी माझ्या जागी बसलो. कान तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या घरी दोघे चहा घेत होते. मिस्त्री मधेच म्हणाले, ‘तुझी आई हल्ली मला फिरायला चल म्हणत नाही. रागावलीय का?’

मित्रांनो, तिने म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. जगात हे ऐकणारा मी एकटाच उरलो होतो, आणि मला कान होण्यापलीकडे काही येत नाही. त्या दिवशी तोंड नसल्याचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही.

मुलगी कपाकडे बघत पुटपुटली, ‘रागावली नव्हती हो ती.’

‘काय म्हणालीस?’

तिचे ओठ सवयीने हलले. ‘काही...’ एवढंच आलं आणि ती थांबली. मग खुर्ची सरकवून समोर येऊन बसली, जिथून तिचं तोंड त्यांना दिसेल.

‘मी म्हणाले, आई रागावली नव्हती. तुम्हाला ऐकू येईना, म्हणून तिने सांगणं सोडलं. आणि मीपण सोडलं. पण आता तुम्हाला ऐकू येतंय ना?’

‘येतंय की. ओरडतेस कशाला?’

ती हसली. ‘मग चला बाबा, फिरायला जाऊ.’

तिथे कालवा नव्हता, शाळेच्या भिंतीकडेचा रस्ता होता. त्या रस्त्याने ते रोज गेले. काय बोलत होती ती, विचाराल तर सगळंच. वाचनालयात कोणी कुठलं पुस्तक नेलं, भाजी कितपत शिजली, आईने मरायच्या आदल्या दिवशी कपाट कसं आवरलं. चार वर्षांचं ‘काही नाही’ ती एकेक करून सांगत होती. मिस्त्री कधी ऐकत, कधी विसरत, कधी तिलाच तिच्या आईच्या नावाने हाक मारत. एकदा वकीलही आले. त्यांनी पत्ते मांडले. मिस्त्रींना डाव आठवला नाही, पण भांडण आठवलं, आणि दोघे अर्धा तास मजेत भांडले. बरे झाले नाहीत ते. कोणी तसं सांगितलं, तर खोटं समजा. पण दीड वर्ष ते खिडकीपाशी एकटे बसले नाहीत.

शेवटच्या दिवसापर्यंत मी त्यांच्या कानात होतो. दवाखान्यात मुलगी जे बोलली, ते मीच त्यांना पोचवलं. ते मी सांगणार नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

आता मी पुन्हा तपासणाऱ्या बाईंच्या खोलीत आहे. मला साफ करून दुसऱ्या कोणाला देणार आहेत. माझा गोळा मात्र मुलीने काढून घेतला आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. मिस्त्रींच्या कानाचा आकार जगात आता तेवढाच उरला आहे. निघताना तिने स्वतःचे कान तपासायची तारीखही घेतली. म्हणाली, हल्ली वाचनालयात लोक फार पुटपुटतात.

माझं मागणं मोठं नाही, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी दूरदर्शनचा आवाज वाढवत असेल, हसायच्या वेळी सगळ्यांच्या मागून हसत असेल, तर त्यांना तपासायला न्या. आणि न्यायचं असेल तर या रविवारी न्या. आणि त्यांनी ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं, तर जे म्हणाला होतात ते पुन्हा म्हणा. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच असलं तरी म्हणा. समोर बसून म्हणा. त्यांनी विचारलंय, याचा अर्थ ते अजून तिथे आहेत.