बारक्याचे पाय

बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत सतरा पावले. ओट्यापासून परत दारापर्यंत सोळा. ते एक पाऊल कुठे गळते, हे मला कधी उमगले नाही. माझा धाकटा भाऊ या दोन टोकांच्या मधे दिवसातून किती फेऱ्या घालतो, हे मात्र आमच्या घरात अगदी नेमके ठाऊक होते, कारण बाबा ते वहीत लिहीत होते.

कागदाच्या कारखान्यातल्या बॉयलरवर बाबांनी एकतीस वर्षे काढली. दर तासाला वाफेचा दाब पाहायचा, पाण्याची पातळी पाहायची, आणि दोन्ही आकडे नोंदवहीत भरून शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. निवृत्त होताना त्यांनी सहा कोऱ्या नोंदवह्या घरी आणल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी भाऊ आजारी पडला तेव्हा त्यांतली एक त्यांनी उघडली, 'दाब' खोडून तिथे 'गोळी' लिहिले, 'पातळी' खोडून 'फेऱ्या', आणि 'शेरा' तसाच राहू दिला. दुसरा एखादा बाप अशा वेळी देवापुढे बसला असता किंवा दारूच्या बाटलीपुढे. आमचे बाबा पेन्सिलीला टोक काढून बसले.

भावाला घरात बारक्या म्हणतात. लहानपणी तो काडीसारखा होता. आता त्याचे वजन शहाऐंशी किलो आहे, आणि नाव मात्र कोणी बदलले नाही, त्यामुळे प्रत्येक हाकेत एक टोमणा आपोआप मिसळतो.

त्या पहिल्या आजारात तो अकरा दिवस चालत होता. भिंतीपलीकडे माणसे बसली आहेत आणि ती आपल्या चुका मोठ्याने मोजत आहेत, असे त्याला ऐकू येई. आपण थांबलो तर मोजणी पूर्ण होईल, म्हणून तो थांबत नसे. मग गोळी सुरू झाली. आधी ती माणसे दूरच्या खोलीत गेली, मग समोरच्या इमारतीत, आणि एका सकाळी बारक्या उठून म्हणाला की भिंत आता नुसती भिंत आहे. त्या गोळीने माझा भाऊ मला परत दिला, हे मी कधीही नाकारणार नाही. मात्र परत आला तो पूर्वीचा नव्हता. तो ओल्या वाळूसारखा जड झाला होता. सकाळी त्याची उशी लाळेने भिजलेली असे, दुपारी तोंडाला कोरड पडे, जेवण होऊनही भूक हटत नसे. हे सगळे आम्ही पत्करले. आम्ही, म्हणजे बाबांनी आणि मी. त्याला कोणी विचारले नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तो म्हणाला की जिन्यातले लोक आपल्याविषयीच बोलत असावेत असे वाटते. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, रात्रीची गोळी अर्ध्याने वाढवा आणि आठवड्याभरात त्याला घेऊन या. सांगण्यातला पहिला अर्धा भाग आम्ही त्याच रात्री पाळला. उरलेल्यासाठी नेहमीची तारीख पाच आठवड्यांवर होतीच. तेव्हाच दाखवू, असे बाबा म्हणाले. मी मान डोलावली.

जिन्यातले बोलणे थांबले. आणि चौथ्या दिवशी तो चालू लागला.

खुर्चीत बसला की त्याच्या टाचा जमिनीवर ठेका धरत. दोन मिनिटांत तो उठे, ओट्यापर्यंत जाई, येई, बसे, उठे. उभा असला तरी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राही, जणू फरशी तापली आहे. आम्हाला शंकेला जागाच नव्हती. मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती. बाबांच्या हिशेबात तर हे सरळच होते: दाब चढला की झडप उघडायची, आणि पुरेशी उघडली नसेल तर आणखी उघडायची. नवव्या दिवशी त्यांनी आपणहून आणखी अर्धी गोळी वाढवली. मला विचारले होते. हो म्हणणारी मीच.

"काही ऐकू येतंय का तुला?" मी त्याला दिवसातून चार-पाच वेळा विचारी. सकाळी विचारी, जेवताना विचारी, तो दात घासत असताना दाराबाहेरून विचारी.

"नाही."

"खरं सांग."

"ताई, डोक्यात काही नाहीये. पायात आहे. पायात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होतंय. चाललो की जरा बरं वाटतं."

पायात मुंग्या, हेही मला लक्षणच वाटले. मी ते बाबांना सांगितले. बाबांनी शेरा लिहिला: भास, पायांत.

आता कामाचे सांगायला हवे, कारण खरा जीव तिथे अडकला होता. मी एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करते आणि बारक्या खालच्या मजल्यावर पुस्तकबांधणीत आहे. तिथे दोन यंत्रे आहेत; पण जुनी, मोलाची पुस्तके आजही हातानेच शिवली जातात. लाकडी चौकटीला दोऱ्या ताणलेल्या असतात, फर्मे, म्हणजे छापील कागदाच्या घड्या, एकावर एक रचून सुईने त्या दोऱ्यांना शिवायचे असतात, आणि सुरुवात केली की मधे उठायचे नसते, कारण दोरा सैल पडला की पुस्तकाची पाठ वाकडी होते. त्या चौकटीवर बसणारा माणूस एकच, तो म्हणजे बारक्या. गोळीने त्याच्याकडून बरेच काही काढून घेतले होते, ती जागा मात्र घेतली नव्हती. तिथे बसला की त्याची बोटे अजून बारीकच वाटत.

एका शुक्रवारी दुपारी बांधणीचे मालक जिना चढून माझ्या टेबलाशी आले. त्यांना आम्ही बाइंडरकाका म्हणतो. हाताला खळ लागलेली, म्हणून ते कोपराने दार ढकलत आत आले. एका ग्रंथालयाचे चाळीस खंड शिवायला आले होते. तीन आठवड्यांत पाच झाले होते, आणि त्या पाचांतल्या दोन खंडांची पाठ उसवावी लागली होती. बारक्या दर दोन फर्म्यांनंतर उठतो, हौदापर्यंत जातो, पाणी न पिता परत येतो, असे ते सांगू लागले. आवाज चढलेला नव्हता, पण माणूस पुरता वैतागला होता.

"पोरगं गुणी आहे गं, पण त्याचं बूड टेकेल तर शपथ. सोमवारी बसला तर बसला. नाहीतर चौकटीवर दुसऱ्याला बसवतो आणि याला कापणीवर घालतो. तिथे उभ्यानेच काम असतं."

मी ते घरी जाऊन सांगितले. बारक्या ओट्यापाशी होता. तो थांबला, म्हणजे पायांचे वजन बदलत एका जागी राहिला. "बसवू दे त्याला दुसऱ्याला. मला बसवून दाखवा म्हणावं आधी," असे काहीतरी तो पुटपुटला आणि दाराकडे निघाला. सतरा पावले.

शनिवारी बाबांना गोळ्या सापडल्या. मेणाचा दोरा शोधताना त्यांनी बारक्याची सुयांची डबी उघडली, तर तळाशी कागदात गुंडाळलेल्या दहा अर्ध्या गोळ्या. रोज एक पूर्ण गोळी गिळून वाढवलेली दोन अर्धुके तो जिभेखाली ठेवी आणि नंतर डबीत टाकी; असे त्याने पाच दिवस केले होते, दोन आठवड्यांपूर्वी. मग पकडले जाण्याच्या भीतीने त्याचे त्यानेच बंद केले होते. बाबांनी ती अर्धुके टेबलावर ओळीने मांडली. ते बारक्यावर ओरडले नाहीत; माझ्याकडे पाहून ओरडले. याला म्हणतात आजार परतणं, हा लपवायला लागला, आता समोर बसून तोंड उघडायला लावल्याशिवाय इलाज नाही, वगैरे. मीही काही कमी बोलले नाही. माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा झाला होता आणि तो मलाच ऐकवत नव्हता.

बारक्याने सगळे ऐकून घेतले. चालत चालत.

"ते पाच दिवस मी बसलो होतो," तो म्हणाला. "शेवटचे तीन तर अगदी नीट. कोणाच्या लक्षात आलं का?"

बाबा म्हणाले, "बसला होतास कारण औषध लागू पडत होतं."

"औषध डबीत होतं, बाबा."

बाबांनी अर्धुके पुन्हा कागदात गुंडाळली. पण ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखे टोचत राहिले. रविवारी सकाळी मी बाबांची वही मागितली. त्यांनी ती जराशा नाराजीनेच दिली. तीन वर्षांत ती वही कोणी वाचली नव्हती. बाबांनीही नाही. कारखान्यात तशी रीतच होती: लिहिणाऱ्याने लिहायचे, पान उलटायचे आणि पुढच्या तासाकडे पाहायचे, वाचायचे काम इन्स्पेक्टरचे, आणि तो वर्षातून एकदा येई. आमच्या घरी इन्स्पेक्टर कधी आलाच नव्हता.

मी लाल पेन्सिल घेतली आणि मुद्रित वाचावे तसे वाचू लागले. मुद्रितशोधनात अर्थाच्या मागे जायचे नसते. अर्थ डोळ्यांना फसवतो. अक्षर पाहायचे, मग पुढचे अक्षर. मी शेऱ्याचा रकाना तळहाताने झाकला आणि फक्त गोळी आणि फेऱ्या वाचल्या. एक गोळी: फेऱ्या नऊ, अकरा, आठ. दीड गोळी: पहिले तीन दिवस दहाच्या आत, चौथ्या दिवशी चाळीस. दोन गोळ्या: सत्तर, पंच्याण्णव, एकशे बारा. मग ते पाच दिवस. तिथेही बाबांनी दोनच लिहिले होते, कारण त्यांना दोनच ठाऊक होत्या: ऐंशी, सत्तावन्न, चौतीस, सव्वीस, एकवीस. त्यानंतर पुन्हा साठ, शंभर.

मग मी हात काढला. त्या पाच दिवसांपुढे बाबांच्या सुबक अक्षरात शेरा होता: सुधारणा. वाढीव मात्रा लागू पडत आहे.

मला हसू आले. महिनाभर आम्ही दोघे शहाणी माणसे त्याच्या पायांत वारूळ भरत होतो आणि मग मुंग्या का आल्या म्हणून आणखी भरत होतो. आणि तो रोज सांगत होता. साध्या वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी ठेवून सांगत होता.

मी वही बाबांपुढे ठेवली आणि शेऱ्यावर हात धरला. त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचले. तिसऱ्यांदा ओठ हलवत वाचले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

सोमवारी सकाळी तारीख नसताना आम्ही दवाखान्यात गेलो. अकरापर्यंत बाकावर बसलो. म्हणजे बाबा आणि मी बसलो. बारक्याने व्हरांडा मोजून काढला. डॉक्टरीणबाईंनी त्याला आत घेतले, बसायला सांगितले आणि काही न बोलता मिनिटभर त्याच्या पायांकडे पाहिले. मग आम्हाला नव्हे, त्याला विचारले.

"बसवत नाही ते डोक्यातल्या कशामुळे, की पायांमुळे?"

"पायांमुळे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी विसरणार नाही.

याला नाव आहे, बाई म्हणाल्या: अकॅथिसिया. हा आजार नव्हे, औषधाचा दुष्परिणाम. मात्रा वाढवली की बऱ्याचदा उफाळतो, आणि घरच्यांना तो आजारच वाटतो. याचसाठी त्यांनी आठवड्याभरात बोलावले होते. त्यांनी गोळी पुन्हा एकावर आणली, पायांसाठी एक लहान गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांनी यायला सांगितले. तरीही त्रास राहिला तर औषधच बदलता येईल. मूळ गोळी मात्र सोडायची नाही, आणि घरच्या घरी वाढवायचीही नाही, हे त्यांनी बाबांकडे पाहून दोनदा सांगितले. मग वही चाळून म्हणाल्या, "इतकी चांगली नोंद मला कोणी आणून देत नाही. पण हा स्वतः काय म्हणाला, ते यात कुठे आहे?"

"तो रकाना नसतो," बाबा म्हणाले. "बॉयलर बोलत नाही."

"मी बोलतो," बारक्या म्हणाला.

आम्ही छापखान्यात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि चौकटीवर दुसरा माणूस बसला होता. मी बाइंडरकाकांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकले, हळहळले आणि म्हणाले की आधी कळले असते तर गोष्ट वेगळी होती. ग्रंथालयाला शब्द दिला आहे, हे खंड आता तो नवा माणूसच संपवील, पुढचे काम आले की पाहू. बारक्या आपल्या चौकटीकडे पाहत राहिला. "दोरा ढिला धरतोय," तो एवढेच म्हणाला आणि कापणीकडे वळला. आधी कळले असते, या तीन शब्दांवर मी चिडू तरी कोणावर? ज्याला आधी कळले होते त्याने आधीच सांगितले होते.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. टाचा अधूनमधून ठेका धरत, मग विसरून जात. मी घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. बाबांनी वही उघडली. पट्टीने एक नवी उभी रेघ मारून त्यांनी चौथा रकाना पाडला होता आणि त्याचा मथळा अजून कोरा होता. ते पेन्सिल धरून थांबले.

"काय लिहू?"

बारक्याने वर पाहिले. "लिहा, कंटाळा आलाय."

बाबांनी लिहिले. "कशाचा?"

"तुम्हा दोघांचा. सारखं पाहत असता. मी बसलो तरी पाहता, उठलो तरी पाहता."

वाटले, आता बाबा पेन्सिल आपटतील. त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे, सावकाश, त्यांच्या सुबक अक्षरात उतरवून घेतले. मग वही फिरवून माझ्यापुढे सरकवली.

"वाच," ते म्हणाले. "काही राहिलं असेल तर सांग."

मी लाल पेन्सिल हातात घेऊन वाचले. एकही चूक नव्हती.