राजीखुशीने

त्या दिवशी वकीलसाहेबांच्या घरात विशेष काही घडायचं नव्हतं. सकाळची कोर्टातली तारीख नेहमीप्रमाणे पुढे ढकलली गेली होती, गुडघ्याला लावायचं मलम संपलं होतं आणि संध्याकाळी दोन अशील घरी यायचे होते. वकिलीणबाई स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसल्या होत्या. भांडी घासणाऱ्या मावशींचं लक्ष मात्र ठिकाणावर नव्हतं. एकच पातेलं त्यांनी दोनदा घासलं.

"मावशी, लेक कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे, ताई. जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. सासूने निरोप धाडलाय, आमचं नातवंड हिने स्वतःच्या हट्टाने घालवलं, आता परत पाठवू नका म्हणून."

"आणि जावई?"

"तो आईच्या शब्दाबाहेर नाही. म्हणतो, कोर्टाने सांगितलं हिची चूक नाही, तर घेऊन जाईन. तोवर राहू दे तिकडेच."

बाईंनी शेंगांकडे बघतच मान हलवली. मावशींच्या लेकीला एका नव्या टॉवरमध्ये काम बाईंनीच लावून दिलं होतं, अकराव्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे. सातवा महिना लागला तरी पोरगी कामाला जात होती. एका सकाळी कामवाल्यांची मागची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. पुढच्या लिफ्टपाशी वॉचमनने अडवलं आणि जिना दाखवला. ती चढली. नवव्या मजल्याच्या वळणावर जी बसली ती उठूच शकली नाही, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातलं मूल गेलं होतं. पुढे कुणा भल्या वकिलाने फुकट काम हाती घेतलं आणि बिल्डर व आर्किटेक्ट दोघांवर तिचा दावा लागला. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. नवऱ्याला सांगायचं राहून गेलं होतं. घरातली गोष्ट ऐकताना तो हूं म्हणतो आणि ऐकत नाही, हे त्यांना लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

वकीलसाहेबांची उभी हयात बांधकामांच्या भांडणांत गेली. गच्ची गळली की आर्किटेक्ट इंजिनिअरकडे बोट दाखवायचा, इंजिनिअर कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदार सिमेंटकडे. सिमेंटला बोट नसल्यामुळे वाद तिथेच थांबायचा आणि साहेबांचा अशील सुखरूप घरी जायचा. पाणी कुठे मुरतंय हे त्यांना भिंतीतही कळे आणि माणसांतही. या धंद्यात त्यांचं नाव झालं ते एका सल्ल्यामुळे. कधीकाळी एका बिल्डरला नियम करून हवा होता की घरकामाच्या माणसांनी पुढची लिफ्ट वापरू नये. साहेब म्हणाले, "असं काही लिहू नका. लिहिलेलं कोर्टात टिकत नाही. बांधा." स्वयंपाकघराच्या बाजूला एक छोटी लिफ्ट काढायची, पुढच्या लिफ्टला कार्ड लावायचं आणि कामवाल्यांना कार्ड द्यायचं नाही. मग नियमाची गरजच उरत नाही.

सल्ला इतका पसंत पडला की पुढे कुणी विचारेनासंच झालं. आर्किटेक्ट मंडळी मोरी काढावी तितक्या सहजपणे मागची लिफ्ट काढू लागली. जिच्या हातचं आपण जेवतो, जिच्या कडेवर आपलं मूल देतो, तिच्यासोबत खालून वर जाईपर्यंत उभं राहायला आपल्याला जड जातं. ही साधी लाजेची गोष्ट आहे. ती भिंतीत चिणून टाकली, म्हणून दिसत नाही एवढंच.

संध्याकाळी अशील आले. बिल्डर ऐसपैस बसला. आर्किटेक्ट तरुण होता, खुर्चीच्या कडेला टेकला होता.

"साहेब, फार डोकं शिणवू नका," बिल्डर म्हणाला. "एका ओळीचं काम आहे. त्या बाईला कुणी ढकललं नाही, ओढलं नाही. नवव्या मजल्यापर्यंत गेली ती राजीखुशीने."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. दाव्याचं लेखी उत्तर, ज्याला कोर्टात कैफियत म्हणतात, ते त्यांच्या तोंडून आपोआप येई. थकलेल्या माणसाला सवयीचं काम बरं वाटतं. "लिहून घ्या," ते आर्किटेक्टला म्हणाले. "वादी ही स्वतःच्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना, जिना चढून..."

चहाचा ट्रे घेऊन मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, सावकाश, एकही कप न हिंदकळू देता.

"नववा मजला म्हणालात का, साहेब?"

"मावशी, कामाचं बोलणं चाललंय," साहेब डोळे न उघडता म्हणाले.

"ती माझी लेक आहे."

साहेबांनी डोळे उघडले. बिल्डरने घसा साफ केला. "हे बघा मावशी, आम्हालाही वाईट वाटतंच..."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "साहेब, राजीखुशीने असं तुम्ही लिहिलंत आणि कोर्टाने मानलं, की तिची सासू ते दारोदार सांगेल. आईनेच बाळ घालवलं असं होईल. पोरगी जगायची नाही माझी." त्या रडल्या नाहीत. हात पदराला पुसून आत गेल्या.

वकिलीणबाई आता दारात आल्या होत्या. "अहो, तुम्ही यांचं काम घेतलंय?"

"मला कुठे माहीत होतं मावशींची मुलगी म्हणून? तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? शब्द बदलला असतात?"

साहेबांनी समोरचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. बिल्डरला ते अवघड झालं.

"साहेब, बाई मंडळींचं मन हळवं असतं. आपण कायद्याचं बोलू. पुढची लिफ्ट तिला बंद होती, असं कुठे लिहिलंय? दाखवा म्हणावं एक तरी कागद. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला!"

तो मनापासून कौतुक करत होता. साहेबांना मात्र एकदम फार दमल्यासारखं झालं. त्यांनी आर्किटेक्टकडे पाहिलं. "मागची लिफ्ट बंद पडली तर ही माणसं वर कशी जाणार, याचा विचार केला होतात?"

आर्किटेक्टने मान खाली घातली. "खरं सांगू, सर? तो प्रश्न कुणी काढलाच नाही. तुमच्या सल्ल्यातही नव्हता."

"बरोबर. नव्हता." साहेब टेबलाला धरून उठले. "मी वकीलपत्र परत घेतो. दोघांचंही."

बिल्डर हसला. "घ्या. दुसरा वकील उद्या मिळेल आणि तोही हेच लिहील."

"लिहील," साहेब म्हणाले.

आणि त्याने लिहिलं. तोच शब्द, त्याच जागी. बाणेदार नकार ऐकून आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण त्या नकाराने मावशींच्या लेकीचं काही हललं नाही. ती तशीच भिंतीकडे तोंड करून पडून होती. मावशी रोज कामाला येत, भांडी घासत आणि साहेबांशी अवाक्षर बोलत नसत. चहा मात्र वेळेवर मिळे. साहेब तो तसाच गार होऊ देत.

शेवटी एके दुपारी त्यांनी बायकोला म्हटलं, "तिच्या सासरचं घर तुला ठाऊक आहे?"

घर एका खोलीचं होतं. अर्ध्या खोलीत टेबल, टेबलावर इस्त्री आणि लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. सासू इस्त्री करत होती, मुलगा घड्या घालत होता. वकील म्हटल्यावर दोघंही सावध झाले.

"तडजोडीला आला असाल तर आमच्याकडे काही नाही," सासू म्हणाली. "दावा सुनेने लावलाय. तिच्या आईकडे जा."

"तुमच्याकडेच आलोय," साहेब म्हणाले. बसायला सांगितलेल्या स्टुलावर ते बसले नाहीत. "तुमची सून हट्टाने चढली नाही. लिफ्टमध्ये घेतलं नाही तिला. वर गेली नसती तर काम गेलं असतं. तिच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवला नव्हता, आणि तो असा बांधायचा सल्ला माझा होता. ही इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधीचा."

सासूने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "त्याच टॉवरमध्ये कपडे पोचवते मी. लिफ्ट बंद असली की गठ्ठा डोक्यावर घेऊन चढते. मला कधी काही झालं नाही. म्हणून वाटलं, हिचीच नाटकं. आराम करायला सांगितलं होतं, ऐकलं नाही, असंच धरून बसले."

"तुम्हालाही चढायला लागायला नको होतं," वकिलीणबाई हळूच म्हणाल्या.

सासूने ते ऐकलं आणि पदराने तोंड पुसलं. तिचा आवाज पुन्हा कडक झाला. "साहेब, इथे चार भिंतींत सांगणं सोपं आहे. कोर्टात सांगाल?"

वकिलीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अशिलाला दिलेला सल्ला वकिलानेच चव्हाट्यावर मांडायचा, म्हणजे वकिलीची सनद जायची वेळ. ज्या बिल्डरांनी, आर्किटेक्टांनी, इंजिनिअरांनी आयुष्यभर डोक्यावर घेतलं, त्यांच्यापैकी एकही साहेबांना यापुढे दारात उभं करणार नव्हता. उतारवयात माणूस जपतो ते नाव, आणि ते स्वतःच्या हाताने पुसायचं होतं. साहेबांचा गुडघा ठणकत होता. त्यांना घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

"सांगेन," ते म्हणाले.

सासू त्यांच्याकडे बघत राहिली, पुरती खात्री होईपर्यंत. मग मुलाकडे वळली.

"गठ्ठा राहू दे तसाच. चपला घाल. तिला आणायला जायचंय."