आहे तसा आवाज

“मोठ्यानं वाच गं! सगळं मशिनच्या पोटात जातंय!”

ओठांत टाचण्या धरून अण्णांनी दिलेली ती हाक लेकीला आज कितीतरी वर्षांनी आठवली. तेव्हा ती चिंध्यांच्या ढिगावर बसून शाळेचे धडे वाचायची आणि अण्णा शिवणाच्या मशिनवर वाकलेले असायचे. आताही ते वाकलेलेच होते, पण हेडफोनच्या दुकानातल्या काचेच्या काउंटरवर. एक हेडफोन दोन्ही हातांनी ताणून बघत होते, पायजम्याचं इलॅस्टिक बघावं तसा.

“काका, तुटेल तो,” काउंटरमागच्या बाई म्हणाल्या.

“तुटला तर कच्चा होता म्हणायचं.”

लेकीनं हसू दाबलं. सगळी गल्ली अण्णांना ‘मास्तर’ म्हणायची. मास्तर कुठेही गेले तरी मापाची टेप गळ्यातच असायची. आजही होती.

“आधीचे कुठे गेले?” तिनं विचारलं. “ते वायरवाले?”

“शिवले गेले.”

“म्हणजे?”

“एका गिऱ्हाइकाच्या पँटला पट्टी मारत होतो. वायर कधी आत गेली कळलंच नाही. घडी घालायला घेतली तर पँटला शेपूट.” ते बाईंकडे वळले. “म्हणून बिनवायरचे हवेत, ताई. रोजचे. फार महाग नकोत.”

काम करताना अण्णा काहीतरी ऐकतात, हेही लेकीला आत्ताच कळत होतं. काय ऐकतात, हे विचारायला जीभ रेटेना. विमा कंपनीतली कायमची खुर्ची सोडून ती पुस्तकं वाचायला लागली होती. बंद खोलीत माइकसमोर बसून ती वाचायची आणि कुठले कुठले लोक ते कानाला लावून ऐकायचे. खुर्ची सोडल्याचं सांगितलं तेव्हा अण्णा फक्त “बरं” म्हणाले होते. त्या ‘बरं’ला ना बाही होती ना गळा. ते कसं घालायचं, हे तिला अजून कळलं नव्हतं. तिनं वाचलेली पहिली कादंबरी बाहेर आली, तिनं ती त्यांच्या फोनमध्ये घालून दिली, तेव्हा “ठेव त्यात” म्हणाले, आणि पुढे अवाक्षर नाही. आज सकाळी मात्र “चल, कानाला लावायचं घ्यायचंय” म्हणून त्यांनीच तिला हाक मारली होती.

बाईंनी आधी जाडजूड हेडफोन पुढे केले. “हे सगळा कान झाकतात. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येणार नाही.”

“मग सुईचं कसं कळणार?”

“कसली सुई?”

“मोडायच्या आधी सुईचा आवाज बदलतो, ताई. मशिन सारखं बोलत असतं माझ्याशी. त्याच्याकडे कानाडोळा करून कसं चालेल?”

मग बाईंनी कानात खुपसायचे दोन इवलेसे मणी दाखवले.

“हे बटणांच्या डब्यात पडले तर शर्टाला लावून मोकळा होईन मी.”

आता बाईही हसल्या. कानावर नुसते टेकतील, बाहेरचंही थोडं आत येऊ देतील असे हेडफोन त्यांनी काचेवर ओळीनं मांडले. अण्णा एकेकाची गादी अंगठ्यानं दाबून, उलटी करून शिवण बघू लागले. एकाच्या गादीखाली नख घालून म्हणाले, “हे नुसतं चिकटवलंय. घामानं सुटणार.” तो त्यांनी बाजूला सारला.

“अण्णा, हे वरच्या फळीवरचे घ्या ना,” लेक म्हणाली. “मी देते.”

“रोजच्या कामाला लग्नातला कोट कशाला, ठके?”

बाईंनी एक जोड त्यांच्या कानांवर ठेवला आणि गाणं लावलं. “बेस बघा, काका. छातीत वाजतं की नाही?”

“छातीत नको वाजायला. बोलणं लावा काहीतरी.”

“बातम्या लावू?”

“राहू द्या. माझ्याकडे आहे.”

पत्ते लपवावेत तसा अण्णांनी फोन तळहाताआड धरला. बाईंनी जोडणी करून दिली तेव्हाही बोट पडद्यावरच होतं. मग दोघींकडे पाठ करून ते ऐकत राहिले.

“हा पातळ करतो आवाज,” पहिला काढत ते म्हणाले. “फार धुतलेल्या कापडासारखा.”

दुसरा घातला. “हा घसा धरल्यासारखा.”

तिसरा घातला. दुकानात माणसं आली, गेली. अण्णांचा उजवा पाय मशिन चालवावं तसा फरशीवर हलके हलके हलू लागला, टाच वर, चवडा खाली, आणि मध्येच थांबला. मान जराशी कलली. लेकीनं समोरचं रिकामं खोकं उचललं आणि त्यावरचं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

“हा घेतो,” अण्णा वळून म्हणाले. “यात आहे तसा येतो.”

“काका, आहे तसा म्हणजे कसा?” बाईंना आता मजा वाटत होती. “मूळ आवाज तुम्ही कुठे ऐकलाय? तो रेकॉर्डिंगमध्येच पातळ असेल, कुणी सांगावं?”

“मी सांगावं. या आवाजाचं पहिलं रडणं ऐकलंय मी.”

त्यांनी हेडफोन कानांवरून उतरवून बाईंच्या हातात दिला.

“घाला. ऐका.”

बाईंनी घातला. हसता हसता त्यांचा चेहरा हळूहळू निवत गेला. खोक्यावरची अक्षरं लेकीला दिसेनाशी झाली.

“कोण वाचतंय हो हे?”

“ही काय, इथे उभी आहे.” अण्णांचा आवाज दुकानभर गेला. काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली, तर त्यांनाच ऐकवल्यासारखे ते म्हणाले, “माझी लेक. यातली म्हातारी मरते ना, तिथे दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. ही रडत नाही. ही नुसती थांबते. तिथे माझं मशिन दर खेपेला बंद पडतं.”

“दर खेपेला?” लेकीच्या तोंडून निघून गेलं. “अण्णा, तुम्ही किती वेळा…”

तिच्या खांद्यावर कुठलासा पांढरा दोरा होता, तो चिमटीत उचलून त्यांनी बोटाभोवती गुंडाळला. पुन्हा सोडला. पुन्हा गुंडाळला.

“मला तेव्हा भीती वाटली होती,” ते म्हणाले, आता फक्त तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. “खुर्ची सोडलीस ते बरोबर केलंस, ठके.”