बुडबुड्यांचं पाणी

सौंसरच्या शाळेत शिकवणारी सुप्रिया रविवारी तिगावला माहेरी आली, तेव्हा ओट्यावर एक नवंच यंत्र पाण्यात बुडबुडे सोडत होतं.

"हायड्रोजनचं पाणी आहे," तिचे वडील भाऊराव म्हणाले. "पांढुर्ण्याच्या वीरेंद्रनं देलं. आपल्या तापावर संशोधन झालं म्हणते."

आपला ताप म्हणजे बापलेकीचा, रक्तातून उतरलेला. मधूनच अंग तापायचं, पोट दगडासारखं व्हायचं, मग आपोआप ओसरायचं. कित्येक वर्षं टायफॉइडचीच औषधं झाली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी नेमका आजार ओळखला आणि रोजची गोळी सोडली तर किडनीवर जाईल, असं बजावलं.

"गोळी घेऊन राहिले ना बाबा?"

"हो ना." पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

वीरेंद्रनंच त्यांना गोळी सोडायला लावली, असा सुप्रियाला संशय आला. ती तडक पांढुर्ण्याला त्याच्या दुकानात गेली. त्यानं मोबाइलवर दाखवलेलं संशोधन तिनं उभ्याउभ्याच वाचलं.

"हे तर प्रयोगशाळेतल्या पेशींवर केलं आहे. माणसाले पाजलं कुठं?"

वीरेंद्र ओशाळला. "मी इतकं वाचलं नाही ताई. पण गोळी सोडा, असं मी नाही म्हटलं. उलट तेच विचारत होते, हे पाणी गरोदर बाईले चालते का?"

सुप्रियानं मोबाइल त्याच्या हातात परत दिला. दिवस गेल्याचं तिनं फक्त आईला सांगितलं होतं.

ती परतली तर भाऊराव गोधडीत कुडकुडत होते. आई, इंदूबाई, त्यांचे पाय दाबत होत्या.

"गोळी कधी सोडली?" सुप्रियानं विचारलं.

"झाले बरेच दिवस." त्यांचा आवाज कापत होता. "पोटात लेकरू असताना तुले असं औषध नको वाटलं. म्हणून पाणी आधी माझ्यावर पाहून घेतलं. ताप मीच त देला तुले."

"डॉक्टरनं मले गोळी चालू ठेवाले सांगितलं आहे, बाबा. एकदा विचाराचं तरी!"

तिला रागानं रडू आलं. तशीच तिनं गोळी त्यांच्या हातावर ठेवली. नागपूरच्या तपासणीत किडनी शाबूत निघाली. इंदूबाईंनी यंत्र वीरेंद्रला परत पाठवलं.

आता ती रोज व्हिडिओ कॉल करते. भाऊराव गोळी गिळतात, तरी ती जीभ वर करून दाखवायला लावते.

"बापावर भरोसा नाही का तुहा?"

"नाही," सुप्रिया म्हणते. "आ करा."